सही आहे, पण तपासली कोणी?

१९५१ साली विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक मतपेट्या तयार झाल्या. पेटी भक्कम असली तरी मतदानापूर्वी ती रिकामी असल्याचे उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवावे आणि मगच मोहोरबंद करावी, हा निवडणुकीतील दंडक. त्याच विक्रोळीत आज कन्नमवार नगरातील विद्यार्थी किंवा टागोर नगरातील शिक्षक अनोळखी वाटेने आलेली फाइल संगणकावर बेधडक चालवतो. मोहोर पाहण्याची सवय मात्र मागेच राहिली आहे.

संगणकाच्या आज्ञावलीलाही मोहोर असते. प्रकाशक फाइलीतील मजकुरावरून एक सांकेतिक ठसा काढतो व आपल्या गुप्त किल्लीने त्यावर सही करतो. प्रमाणपत्र देणारी संस्था त्या किल्लीच्या मालकाची ओळख पटवते. पुढे फाइलीत एका अक्षराचाही फेरफार झाला, तर सही जुळत नाही. विंडोजमध्ये फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिजिटल सिग्नेचर्स’ या पानावर प्रकाशकाचे नाव दिसते आणि ‘डिटेल्स’ उघडल्यावर ती सही ग्राह्य आहे की नाही, हे कळते.

नुसते नाव पाहून भागत नाही, हे २०१७ च्या जूनमध्ये दिसून आले. युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या सुधारित आवृत्तीतून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम पसरला. मुंबईलगतच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम त्यामुळे विस्कळीत झाले. त्या प्रोग्रॅमच्या फाइलीवर मायक्रोसॉफ्टची सही चिकटवलेली होती. पण ती उसनी असल्याने तपासणीत टिकणारी नव्हती.

तथापि, खरी सही म्हणजे अभयपत्र नव्हे. २०१० साली उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’साठी तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्या वापरल्या गेल्या. २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ची एक आवृत्ती प्रकाशकाच्या अस्सल सहीनिशी दूषित होऊन बाहेर पडली. फाइल कोणाची आणि अभंग आहे का, एवढेच सही सांगते. ती निर्धोक असल्याची हमी देत नाही. परंतु म्हणून तपासणीच निरर्थक ठरवणे म्हणजे घरफोडी होते म्हणून दाराला कडीच न लावण्यासारखे आहे.

या सावधगिरीचा सारा भार कारकुनावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. वरिष्ठांनी धाडलेली फाइल संध्याकाळपर्यंत चालवून माहिती भरा, असा आदेश असता तो बिचारा शंका कोणापाशी काढणार? माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने डिजिटल सहीला कायद्याची मान्यता दिली आहे. तेव्हा आज्ञावली वाटणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने ती सहीनिशीच द्यावी, परिपत्रकात प्रकाशकाचे नेमके नाव छापावे आणि सही न जुळल्यास काम थांबवणाऱ्या कर्मचाऱ्याला दोष देऊ नये. मोहोर तुटलेली दिसताच मतदान रोखणाऱ्याला कोणी कामचुकार म्हणत नाही. संगणकापुढे बसलेल्यालाही तोच अधिकार मिळाला पाहिजे.