याचा उपयोग काय?

भाचीने बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करून पुढे संशोधनात जायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: याचा उपयोग काय? अब्बांना तिने बीएड करावं असं वाटत होतं, खालाला स्थळांची घाई होती. मला म्हणाली, "मामू, तुम्हीच समजवा ना यांना." मी त्यांना किहीमची एक गोष्ट सांगितली.

१९३० साली सलीम अली किहीमला राहत होते. बर्लिनहून पक्षिशास्त्राचं शिक्षण घेऊन आले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली. ऐन तिशीतला बेकार माणूस पावसाळाभर सुगरणीची घरटी बघत बसला. आपण सुगरण म्हणतो, पण घरटं विणतो तो नर. त्या वसाहतीत कितीतरी घरटी अर्धवट लटकत असायची. ती नराने नुसतीच बसायला बांधलेली, बिनकामाची, असा तोवरचा समज होता. सलीम अलींनी रोज पाहून नोंदी ठेवल्या. नर अर्धं घरटं विणून थांबतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तरच पुढचं काम होतं. मग तोच नर दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. म्हणजे सुगरणीच्या संसाराचं सगळं गणित त्या अर्धवट घरट्यांतच होतं.

आपल्या पेशींतही अशीच एक 'अडगळ' होती. प्रथिनं बनवण्याच्या सूचना आपल्या डीएनएच्या जेमतेम दोन टक्के भागात आहेत. उरलेल्या बऱ्याचशा भागाला १९७२ पासून शास्त्रज्ञच 'जंक' म्हणू लागले. पुढे दिसलं की या भागातूनही आरएनएच्या प्रती निघतात. त्यांतल्या दोनशेहून जास्त अक्षरांच्या, पण प्रथिन न बनवणाऱ्या प्रतींना लांब नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. त्यांतल्या काही मुकादमासारखं काम करतात: कुठलं जनुक चालू ठेवायचं, कुठलं बंद, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. मुकादम बिघडला की पेशी थांबायचं विसरते. हॉटएअर नावाचा असा आरएनए स्तनाच्या गाठीत फार वाढलेला असेल, तर रोग शरीरभर पसरण्याचा धोका जास्त असतो, हे २०१० साली दिसून आलं.

सलीम अली २० जून १९८७ रोजी प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेले. त्यानंतर बारा वर्षांनी, १९९९ साली, प्रोस्टेटच्या कर्करोगात प्रचंड वाढणारा एक लांब आरएनए सापडला. त्याला आज पीसीए३ म्हणतात. लघवीतून तो मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. एकदा बायोप्सीत काही न सापडलेल्या माणसाला पुन्हा सुई टोचायची की नाही, हे ठरवायला ती मदत करते. ज्याला अडगळ म्हटलं, त्यातूनच हे निघालं.

यासाठी अमेरिकेलाच जायला हवं असं नाही. टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र खारघरला आहे, किहीमच्याच रायगड जिल्ह्यात. प्रोजेस्टेरॉन दिल्यावर स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत एक लांब आरएनए घटतो आणि पेशींचं सरकणं, घुसणं मंदावतं, असं तिथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलं.

आता कुणी लगेच 'आरएनएने कॅन्सर बरा' असा मेसेज मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकू नये. प्रयोगशाळेतल्या पेशी आणि वॉर्डातला माणूस यांत बरंच अंतर आहे. मॅलॅट-१ हा आरएनए २००३ साली फुप्फुसाच्या कर्करोगाचा फैलाव दाखवणारा म्हणून पुढे आला. २०१८ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात तोच स्तनाच्या कर्करोगाचा फैलाव रोखताना दिसला. शिवाय या दोनशे-अक्षरी गर्दीतल्या कित्येक प्रती खरोखर बिनकामाच्याही असतील. नेमक्या कुठल्या, हे ठरवायला वर्षानुवर्षं पाहत बसणारी माणसं लागतात.

आमच्या समाजात तालीमवर भाषणं खूप होतात. पण मुलगा डॉक्टर, इंजिनिअर किंवा फार्मासिस्ट होणार असेल तरच ती तालीम. मुलीसाठी डीएड-बीएड, तेही लग्न जमेपर्यंत. डॉक्टरच्या हातात उद्या जे औषध येईल ते आज कुणीतरी शोधत बसलेलं असतं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. सलीम अलींचं नाव आम्ही अभिमानाने घेतो, पण घरात तसं एखादं पोर निघालं तर त्याला दुकानावर बसवतो.

अब्बा ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "खारघरला जायला पनवेलहून बस आहे ना?"

भाचीने फॉर्म भरला आहे. खाला अजून रुसलेली आहे.