ताट वाजवून कान तपासले जात नाहीत

बाळ आवाजाला दचकले म्हणजे त्याला ऐकू येते, असा हिशेब घरोघरी चालतो. वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या गावात ताट-वाटी हीच बहुधा पहिली तपासणी. पण बाळाने मान वळवली ती आवाजामुळे, हललेल्या हातामुळे की सहजच, हे त्यातून कळत नाही. योगायोग आणि प्रतिसाद यांत फरक करण्यासाठी ‘बेरा’ चाचणी असते.

झोपलेल्या बाळाच्या कानात सेकंदाला वीसेक वेळा ‘टक्’ असा आवाज एका लयीत सोडतात आणि डोक्याला चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून विद्युतसंकेत टिपतात. प्रत्येक आवाजासरशी कानाच्या नसेतील असंख्य तंतू एकदम स्पंद सोडतात. त्याचा कवटीबाहेर पोहोचणारा अंश एक मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी असतो. मेंदूची एरवीची खळबळ त्याहून कितीतरी मोठी. म्हणून आवाज दोन हजार वेळा देऊन सरासरी काढतात. विस्कळीत खळबळ सुमारे 45 पटींनी विरते, लयीत आलेला प्रतिसाद टिकतो. गंमत म्हणजे आवाजाचा वेग नेमका 20 किंवा 25 न ठेवता 21.1 असा तिरपागडा ठेवतात. आपली वीज 50 हर्ट्झची; तिच्याशी लय जुळली, तर भिंतीतल्या तारेची गुणगुण बाळाच्या खात्यावर जमा व्हायची!

प्रयोगशाळेत एकेका चेतापेशीचे स्पंद तपासतानाही प्रश्न हाच असतो. आवाजाचे एक आवर्तन म्हणजे घड्याळाची तबकडी मानून प्रत्येक स्पंद किती वाजता पडला, ते मांडतात. स्पंद एका बाजूला दाटले, तर पेशी आवाजाला साथ देते आहे. सगळीकडे विखुरले, तर नाही. थोडी दाटी मात्र निव्वळ नशिबानेही होते. पाच टक्के चुकीची मुभा ठेवून 20 वेगवेगळ्या लयी तपासल्या, तर एखादी तरी खोटी साथ सापडण्याची शक्यता 64 टक्के. म्हणूनच बेराचा आलेख दोनदा काढून एकमेकांवर ठेवून पाहायचा असतो. घाईत एकदाच काढलेल्या आलेखावर मुलाचे भवितव्य ठरवू नये.

काही बाळांत कानातील पेशी शाबूत असतात, पण नसेतील स्पंदांचा ताल सुटलेला असतो. तीव्र कावीळ हे त्याचे एक कारण. कानाचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या झटपट ‘ओएई’ चाचणीत अशी बाळे उत्तीर्ण होतात, आवाजाला दचकतातही. शब्द मात्र त्यांना नीट उमगत नाहीत. ते लक्षात येईपर्यंत भाषा शिकण्याची मोलाची वर्षे निघून गेलेली असतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. तेव्हा तीव्र कावीळ झालेल्या किंवा अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळाला घरी सोडताना ‘ओएई ठीक’ एवढाच शेरा पुरेसा मानू नये. बेराची तारीख आणि ठिकाण त्याच कागदावर लिहून द्यावे, आणि ती तारीख बाळ तीन महिन्यांचे होण्याआधीची असावी.