रंगाचा कौल आणि माणसाचे स्वातंत्र्य

देवापुढे प्रसाद लावला, की उजव्या अंगाची पाकळी आधी पडते की डाव्या, याकडे सारी मंडळी श्वास रोखून पाहत असतात. तो कौल माणूस स्वतःच्या श्रद्धेने मागतो आणि त्याचे फळही तोच स्वीकारतो. अलीकडे रस्त्यावर दुसराच एक कौल लागू लागला आहे. अधिकाऱ्याच्या हाती एक छोटीशी पेटी असते. तिला ‘ड्रग डिटेक्शन किट’ म्हणतात. संशयास्पद पुडीतील चिमूटभर पूड कुपीत टाकावयाची, कुपी हलवावयाची आणि रंग पाहावयाचा. हवा तो रंग उमटला, की मनुष्य गजाआड! या कौलाचा मागणारा एक आणि भोगणारा दुसरा. म्हणूनच त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस भाग आहे.

प्रथम या रंगाचे मर्म पाहू. कोबाल्ट थायोसायनेटचा गुलाबी द्रव कोकेनच्या स्पर्शाने निळा होतो, हे खरे. परंतु दात काढताना हिरडी बधिर करणारे लिडोकेन घातले तरीही तो निळा होतो, आणि सर्दी-खाजेवरील गोळ्यांत असणाऱ्या डायफेनहायड्रामीननेही होतो. मार्क्विसचे द्रावण १८९६ पासून रसायनज्ञांना ठाऊक आहे. ते अफूच्या अर्कांनी जांभळे व अँफेटामीनने नारिंगी-तपकिरी होते. परंतु त्यात तीव्र गंधकाम्ल असते, आणि गंधकाम्लाने आपल्या घरातील साखरही करपून तपकिरी पडते. म्हणजे रंग सांगतो तो एवढेच, की ‘हा पदार्थ अमुक असू शकेल.’ ‘असू शकेल’ आणि ‘आहे’ यांत जे अंतर आहे, तेच निरपराध्याच्या आणि तुरुंगाच्या मधले अंतर होय.

हे अंतर पुसले गेले म्हणजे काय होते, ते अमेरिकेने पाहिले आहे. २०१५ च्या डिसेंबरात फ्लोरिडातील ऑर्लँडो शहरी एका वृद्ध गृहस्थाच्या मोटारीत पांढरे कण सापडले. किटने दोनदा ‘अँफेटामीन’ असा निर्वाळा दिला. गृहस्थांना अटक झाली. पुढे प्रयोगशाळेने तपासले तेव्हा मादक द्रव्य मुळीच निघाले नाही. ते कण डोनटवरील साखरेच्या लेपाचे होते. २०१७ साली शहराने त्यांना ३७,५०० डॉलर भरपाई दिली. यात हसण्यासारखे काही नाही. टेक्सासमधील ह्यूस्टन परिसरात शेकडो माणसांनी अशा रंगानंतर गुन्हा कबूल केला होता. खटला लढवून महिनोन्महिने तुरुंगात कुजण्यापेक्षा कबुली देऊन लवकर सुटावे, एवढाच त्यांचा हिशेब होता. त्यांच्या पुड्यांत बेकायदा काहीच नव्हते, हे प्रयोगशाळेने नंतर सांगितले.

कोणी म्हणेल, ‘परक्यांच्या कथा आम्हांस कशाला?’ तर आता आपल्या घराकडे वळू. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात मोठ्या, म्हणजे ‘व्यापारी’, प्रमाणाच्या आरोपास कलम ३७ लागू होते. आरोपी निर्दोष असल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे, हे न्यायालयास पटल्यावाचून जामीन नाही. दोषारोपपत्रासाठी इतर गंभीर गुन्ह्यांत नव्वद दिवसांची मर्यादा. येथे एकशे ऐंशी, आणि वाढवून मिळाल्यास वर्ष. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत त्या माणसाविरुद्ध मुख्य पुरावा कोणता? पंचनाम्यात लिहिलेला तो रंग! २०१३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. त्यात आरोपी बारा वर्षांहून अधिक काळ कच्च्या कैदेत होता. त्या विलंबाचा दोष किटचा होता असे आमचे म्हणणे नाही; पण ज्या व्यवस्थेत विलंब एवढा, तिच्यात पहिल्या पावलाची चूक किती महाग पडेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

आणखी एक गोष्ट तर आपल्या देवळांच्या अगदी जवळची आहे. उज्जैनला महाकालेश्वराचा भांगेने शृंगार होतो. मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे; फुलोऱ्यावाचूनची पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. परंतु गांजा ओळखणारी ड्युकेन्वा-लेव्हिन चाचणी झाडातील राळेचा अंश पाहून जांभळी होते. तो अंश पानातही असतोच. कायदा जो भेद करतो, तो भेद कुपीला दिसत नाही. मग एकाचा प्रसाद दुसऱ्याचा गुन्हा ठरावयास कितीसा वेळ?

आमच्यावर आक्षेप येईल, की व्यसनाने तरुण पिढी नासत असता तुम्ही शब्दच्छल करून गुन्हेगारांस आडोसा देता. गोमंतकाच्या किनाऱ्यावर या विषाने किती घरे उजाड केली, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. या व्यापाराचा नायनाट व्हावा, हे आमचेही मत. परंतु हीच किटे गुन्हेगारासही सोडतात! नवनव्या कृत्रिम द्रव्यांपैकी कित्येकांना त्यांत ठरलेला रंगच येत नाही. म्हणजे साखरवाला अडकतो आणि खरा व्यापारी हसत निघून जातो. अशा आंधळ्या काठीने साप मरत नाही. घरातले मात्र जायबंदी होतात.

किट फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. कोठे अधिक तपास करावा, एवढे दाखविण्यापुरते त्याचे मोल आहे. आमची मागणी इतकीच: केवळ रंगाच्या आधारे कोणाचा जामीन नाकारू नये, कुपीचे छायाचित्र व किटची मुदत पंचनाम्यात यावी, प्रयोगशाळेच्या अहवालावाचून कोणाची कबुली घेऊ नये. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी प्रयोगशाळेस नमुना मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत घातली आहे. ती पाळता येईल इतके रसायनज्ञ व इतकी यंत्रे सरकारने पुरवावीत. नियम कागदावर आणि माणूस कोठडीत, हा न्याय नव्हे.

देवाच्या कौलात शंका राहिली, तर आपण पुन्हा प्रसाद लावतो. माणसाच्या स्वातंत्र्याला निदान तेवढी तरी सवलत हवी!