श्वान पेशींची राखण

मुलांनो, आमच्या पाटोदा तालुक्यातली कितीतरी माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. दिवसभर हातात कोयता! परवा चौथीतल्या एका मुलाने मला विचारलं, "बाई, बाबांच्या मनगटाला कोयता लागला होता. टाके घातले, जखम भरली. पण करंगळीला काहीच समजत नाही. ती परत जागी होईल का हो?"

चला, आपण सगळेच याचं उत्तर शोधू या.

आपल्या शरीरात विजेच्या वायरींसारखं मज्जातंतूंचं जाळं असतं. वायरीला जसं प्लास्टिकचं वेष्टण, तशा या तंतूंना बिलगून काही पेशी असतात. त्यांचं नाव श्वान पेशी. हसू नका! श्वान म्हणजे इथे कुत्रा नव्हे. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं ते आडनाव. काम मात्र राखणीचंच, बरं का!

तंतू तुटला की तुटलेल्या जागेच्या पुढचा भाग मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेच्या तंतूंवर हे दाखवून दिलं. मग श्वान पेशी नेहमीचं काम सोडून हाका मारू लागतात. हाका कसल्या? रसायनांच्या! त्या ऐकून रक्तातून भक्षक पेशी धावत येतात. एरवी या रोगजंतूंशी लढणाऱ्या शिपाई. इथे मात्र त्यांच्या हाती झाडू. दोघी मिळून मोडतोड खाऊन टाकतात. हा कचरा तसाच राहिला, तर नवा तंतू पुढे सरकत नाही.

रस्ता साफ झाला की श्वान पेशी रांगेत उभ्या राहतात आणि त्या रांगेच्या आधाराने नवा तंतू वाढतो. दिवसाला साधारण १ मिलिमीटर! मनगटापासून करंगळीचं टोक १५ सेंटिमीटर धरलं, तर किती दिवस लागतील? करा बरं गणित.

पण तुटलेली टोकं लांब गेली, तर तंतू वाट चुकतो. ती डॉक्टरांनाच शिवावी लागतात, तीही लवकर.

कुष्ठरोगाचे जंतू तर या श्वान पेशींतच घर करतात. शिपाई त्यांच्यावर तुटून पडतात आणि त्या लढाईत तंतूही जखमी होतो. म्हणून कातडीवरचा चट्टा बधिर होतो. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं, ते याच रोग्यांसाठी. आज सरकारी दवाखान्यात याचं औषध फुकट मिळतं आणि रोग बरा होतो.

त्या मुलाला मी म्हटलं, "बाबांना आजच मोठ्या दवाखान्यात न्यायला सांग. आणि तोवर करंगळी चुलीपासून जपा. भाजलं तरी तिला कळणार नाही."

मुलांनो, दुखलं की आपण लगेच रडतो. बधिर भाग दुखत नाही, म्हणून तो कुणी दाखवत नाही. तुमच्या घरी कुणाला असं काही असेल, तर आज नक्की विचारा. विचाराल ना?