आरोग्यचिंतन : आवर घालणाऱ्या पेशी

आतड्याच्या जुनाट दाहाचा रुग्ण घरात असला, की साऱ्यांचे लक्ष त्याच्या पोटाकडे लागते. जुलाब, रक्तस्राव आणि पथ्य यांचीच चिंता वाहिली जाते. परंतु अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या शंभरांपैकी सुमारे ५ रुग्णांत यकृताच्या पित्तनलिकाही दाहामुळे आकसत व कठीण होत जातात. या विकारास प्रायमरी स्क्लेरोजिंग कोलँजायटिस म्हणतात. पोटाचा त्रास अनेकदा सौम्य राहतो आणि यकृताची हानी मात्र मुकाट्याने वाढते. खाज, न सरणारा थकवा, कावीळ ही लक्षणे दिसण्यापूर्वीच रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले आढळू शकते. हा रोग थोपवणारे सिद्ध औषध अद्याप नाही. काहींना अखेरीस यकृतप्रत्यारोपण करावे लागते, आणि त्यानंतरही तो उलटू शकतो.

अशा वेळी आप्तेष्ट 'प्रतिकारशक्ती वाढवा' असा सल्ला देतात. येथे मात्र उणीव शक्तीची नसून संयमाची असते. शरीराचे रक्षकच स्वकीयांवर चालून जातात. त्यांना आवरणाऱ्या नियामक टी-पेशींची ओळख जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये पटवली. २००१ मध्ये मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्स-पी-३ या जनुकाचे महत्त्व दाखवले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या ज्ञानावर नव्या उपचाराची उभारणी चालू आहे. रुग्णाच्याच रक्तातून नियामक पेशी वेगळ्या काढायच्या, निर्जंतुक प्रयोगशाळेत त्या जोपासायच्या आणि शिरेवाटे परत द्यायच्या, अशी ही पद्धती. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे यकृताच्या स्वप्रतिकारजन्य दाहाच्या मोजक्या रुग्णांना खुणेच्या पेशी देण्यात आल्या, तेव्हा त्यांतील बऱ्याच यकृतात पोहोचून सुमारे ३ दिवस तेथे राहिल्याचे दिसले. पेशी योग्य स्थळी जातात, एवढे त्यातून कळले. रोग बरा होतो, हे सिद्ध व्हायचे आहे.

आशा आणि प्रमाण यांतील हे अंतर विसरले, की कुटुंबाची पुंजी धोक्यात येते. 'सेल थेरपी'च्या नावाने कोणी लाखोंचा खर्च सांगितल्यास प्रथम क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामधील नोंदणी क्रमांक मागावा. २००९ पासून भारतात औषधचाचणीची ही नोंदणी अनिवार्य आहे. चाचणीच्या नावाखाली रुग्णाकडूनच उपचाराचे मोल मागितले जात असेल, तर तेथेच थांबावे.

आज हाती असलेले उपाय साधे आहेत. आतड्याच्या रुग्णाने यकृताची रक्ततपासणी नियमित करावी. दोन्ही विकार असल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून पोट शांत असले तरी दरवर्षीची कोलोनोस्कोपी चुकवू नये. व्यापारात वर्षअखेरीचा ताळेबंद कोणी टाळत नाही. देहाचाही टाळू नये.