गहू सोडण्याआधी

सकाळी उठतानाच अंग जड. दुपारचे जेवण झाले की डोळे मिटायला लागतात आणि संध्याकाळी दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना मध्येच उभे राहावे लागते. चाळिशीच्या आसपासची कितीतरी माणसे ही तक्रार वर्षानुवर्षे अंगावर काढतात. मग कुणीतरी सांगते, ‘तुला गहू बाधत असेल.’ घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबकडून फूड इन्टॉलरन्सची चाचणी होते. काही हजार रुपये मोजल्यावर रंगीत अहवाल येतो. त्यात पदार्थांची लांबलचक यादी असते आणि गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणे हे रोजचेच जिन्नस लाल रकान्यात असतात. दुसऱ्या दिवसापासून घरात एका माणसाचे ताट वेगळे होते.

हे जिन्नस लाल रकान्यात असतात ते रोजचे असतात म्हणूनच. अशा बहुतेक चाचण्या रक्तातली आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे मोजतात. एखादा पदार्थ आपण वारंवार खातो तेव्हा शरीर त्याची ओळख ठेवते आणि ही प्रतिपिंडे त्या ओळखीची खूण असतात. तो पदार्थ बाधतो, असे त्यांवरून ठरत नाही. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच या कामासाठी ही चाचणी वापरू नये असे स्पष्ट केले. अमेरिका आणि कॅनडातील तज्ज्ञ संघटनांनीही तेच म्हटले. तरी ती विकली जाते, कारण थकलेल्या माणसाला उत्तर हवे असते आणि लाल रकाना हे उत्तरासारखे दिसते.

याचा अर्थ अन्न आणि थकवा यांचा संबंधच नाही, असा नव्हे. उलट एक संबंध अगदी पक्का आहे. सिलिॲक या आजारात गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात. लोह प्रामुख्याने याच भागात, लहान आतड्याच्या सुरुवातीला, शोषले जाते. म्हणून या रुग्णांपैकी अनेकांना ना जुलाब होतात ना पोटदुखी. दिसतो तो फक्त थकवा, आणि महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या खाऊनही वर न सरकणारे हिमोग्लोबिन. गव्हाचा हा दोष ओळखला तो विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला आणि त्याच काळात त्याच्याकडची ही आजारी मुले सुधारली.

हा आजार फक्त गोऱ्यांचा, ही समजूतही आता टिकत नाही. हरियाणा, आसाम आणि वेल्लोर येथे मिळून तेवीस हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. गहू खाणाऱ्या उत्तरेत सिलिॲकच्या प्रतिपिंडांचे प्रमाण १.२३ टक्के निघाले, ईशान्येत ०.८७, तर भातखाऊ दक्षिणेत ०.१० टक्के.

खरी गफलत पुढे होते. सिलिॲकसाठी टीटीजी-आयजीए नावाची रक्तचाचणी असते आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. दोन्ही तपासण्या माणूस गहू खात असेल तरच बोलतात. अहवाल हातात आला म्हणून पोळी सोडली की प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात, आतड्याचे अस्तर भरून येऊ लागते आणि चार-सहा महिन्यांनी केलेली तपासणी ‘काही नाही’ असे सांगू शकते. मग निदानासाठी किमान सहा आठवडे रोज, एकाहून अधिक वेळच्या जेवणात पुन्हा गहू खावा लागतो. बरे वाटू लागलेला माणूस याला सहसा तयार होत नाही. निदान अर्धवट राहिले की पथ्यही अर्धवटच होते. घरी भाकरी, लग्नाच्या पंगतीत दोन पुऱ्या. भाऊ-बहिणी आणि मुलांची तपासणी करायची, हेही राहून जाते; रक्ताच्या नात्यात या आजाराची शक्यता जास्त असते.

दूध सोडण्याचा प्रश्न निराळा, आणि महाराष्ट्रात कदाचित अधिक गंभीर. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याची क्षमता जगातल्या बहुसंख्य प्रौढांमध्ये कमी झालेली असते. पोट फुगते, गुरगुरते, शौचाला पळावे लागते. पण यातल्या अनेकांना कपभर दूध सोसते आणि दह्या-ताकाचा त्रास त्याहून कमी होतो. सारे दुग्धजन्य पदार्थ एकदम बंद करणाऱ्या शाकाहारी माणसाचा मात्र बी-१२ मिळण्याचा मुख्य मार्गच बंद होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा ६७ टक्के जणांत बी-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे लक्षण काय? थकवा, हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा. म्हणजे थकव्यावर उपाय म्हणून थकव्याचेच कारण घरात आणायचे.

सिलिॲक नसूनही गहू सोडल्यावर खरोखर बरे वाटणारी माणसे असतात, त्यांना खोटे पाडण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या २०११ च्या प्रयोगात अशा ३४ जणांना कोणता पाव ग्लूटेनचा ते न सांगता खायला दिले, तेव्हा ग्लूटेनवाल्या गटात थकवाही वाढला. पण दोन वर्षांनी त्याच गटाने आहारातली पोटात आंबणारी इतर कर्बोदके आधी कमी करून प्रयोग केला, तर ग्लूटेनचा वेगळा परिणाम दिसेना. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्लोतील प्रयोगात पोटाचा त्रास ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टान या कर्बोदकाने जास्त झाला. ते गव्हात असते, तसेच कांद्यात आणि लसणीतही. पोळी सोडून भाकरीबरोबर ठेचा आणि फोडलेला कांदा खाणाऱ्याने याचा विचार करावा.

आणि हे सारे होण्यापूर्वी साध्या कारणांकडे बघायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांचे हिमोग्लोबिन कमी आहे तिथे थकव्याची पहिली चाचणी तूरडाळीची असावी, हे विचित्रच. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, थायरॉइड, साखर आणि गहू सुरू असतानाच टीटीजी, एवढे आधी. पाळीत रक्तस्राव किती होतो, झोप किती, घोरणे आहे का, मन उदास आहे का, हेही कुणीतरी विचारायला हवे. इथे डॉक्टरांचाही वाटा आहे. ‘वयाप्रमाणे होतेच’ म्हणून दोन मिनिटांत कागदावर टॉनिक लिहून मिळालेली बाईच पुढे त्या रंगीत अहवालाकडे वळते. तिथे निदान तिची तक्रार खरी मानली जाते.

तपासण्या झाल्यावरही एखाद्या पदार्थाचा संशय उरला, तर रोजच्या खाण्याची आणि त्रासाची वही ठेवावी. आहारतज्ज्ञाला विचारून एकच पदार्थ काही आठवडे बंद करावा आणि पुन्हा सुरू करून पाहावा. हा दुसरा भाग बहुतेक जण गाळतात.

सिलिॲक पक्का निघाला तर मात्र ढिलाई नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात, पण गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी चालत नाही. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. अशा घरांत गहू बाहेर दळतात आणि भाकरीच्या पिठासाठी वेगळी घरघंटी घेतात.