शिनोळीचा रस्ता कुणाचा?

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे निघालेला रस्ता हिंडलगा, सुळगा, बाची करीत शिनोळीला येतो. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात! १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबरला बाकीचा जिल्हा म्हैसूरला गेला आणि एकटा चंदगड मुंबई राज्याच्या कोल्हापुराला जोडला. तालुका वाचला हे उत्तमच. पण त्याची पेठ पलीकडे गेली, त्याचे काय? चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरांच्या पलीकडे, बेळगाव त्याच्या निम्म्यावरही नाही. रताळ्यांची पोती घेऊन शेतकऱ्यानं जायचं कुठं? बेळगावलाच! बाजार तिथं, दवाखाना तिथं, पाहुणेही तिथंच. रेघेच्या दोन्ही अंगांना मराठीच बोलतात (भांडतातसुद्धा मराठीतच!). अन् राजधान्यांचं बिनसलं की पहिली अडते ती याची गाडी. ६ डिसेंबर २०२२ ला कर्नाटकात जाणाऱ्या आपल्या एस.टी. गाड्या बंद झाल्या, तेव्हा मुंबईत कुणाचा खोळंबा झाला? सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. तो जिंकायचा आहेच! पण तोवर दोन्ही सरकारांनी लेखी कबूल करावे : तंटा कितीही पेटो, शिनोळीवरून जाणारी एस.टी. अन् शेतमालाची गाडी अडणार नाही.